रेश्मापुढचा रकाना

“पण गुरुजी, रकाना रिकामा कसा ठेवू?”

मी अंगणात पोचलो तेव्हा मयेकर बाई हे विचारत होत्या. गुरुवारची सकाळ, रोजच्यासारखी. तोरसकर गुरुजी पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत होते. बाई खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेल्या, मांडीवर कागदांचा गठ्ठा.

मला जे सांगायचं होतं ते मी उभ्यानेच सांगितलं.

“लवूदादा गेला, गुरुजी. पहाटे.”

गुरुजींचा हात सुपात थांबला.

“आजारी होता?”

“नाही.”

“कधी नेणार?”

“चारला. बहीण यायचीय.”

“बस.”

मी पायरीवर बसलो. लवू माझा थोरला भाऊ. दोघेही सातवीपर्यंत गुरुजींच्याच हाताखाली होतो. पुढे मी शिकत गेलो. तो बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायला लागला, ते कालपर्यंत.

बाई उठल्या. पुन्हा बसल्या.

“मी नंतर येऊ का?”

“सभा किती वाजता तुमची?”

“तीनला.”

“मग नंतर कधी येणार? बोला.”

बाईसुद्धा गुरुजींच्याच विद्यार्थिनी. आता हायस्कुलात दहावीच्या मुलांना पुढची वाट सुचवण्याचं काम त्यांच्याकडे आहे. चाचणी घ्यायची, प्रत्येक नावापुढे एक क्षेत्र लिहायचं आणि पालकसभेत वाचून दाखवायचं. मागच्या वर्षी त्यांच्या यादीत एकही रकाना रिकामा नव्हता. तालुक्यात त्याचं कौतुक झालं होतं.

“रेश्मा खोबरेकर,” बाई म्हणाल्या. “साठ प्रश्न. एक्कावन्न ठिकाणी ‘सांगता येत नाही’वर खूण. आता यातून मी काय काढू? वडील म्हणतात, शाळेला काही दिसत नसेल तर सोमवारपासून कोळंबी सोलायला पाठवतो. म्हणून म्हटलं, शिवणकाम लिहावं. निदान वर्षभराचा वर्ग तरी मिळेल पोरीला. चुकतंय का माझं?”

“शिवण आवडतं तिला?”

“नावडत नसावं.”

गुरुजींनी एक खडा काढून अंगणात टाकला.

“तुम्हीही ठरवतच होता की, गुरुजी. आमच्या वेळी.”

“हो. ठरवत होतो.”

तेव्हा छापील चाचण्या नव्हत्या. सातवीची परीक्षा झाली की गुरुजी एकेका मुलाला आठवडाभर कुणाच्या तरी कामावर बसवत. सुताराकडे, छापखान्यात, दवाखान्यात. कशाला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. सोमवारी वर्गापुढे उभं राहून त्या कामाबद्दल एक प्रश्न विचारायचा. त्या प्रश्नावरून गुरुजी पालकांना सांगत, याला कुठे घाला.

“लवूला कुठे बसवला होता, आठवतं?” त्यांनी मला विचारलं.

“होड्या बांधतात तिथे.”

“उभा राहिला... काही विचारलंच नाही. वर्ग हसला. मी तुझ्या वडलांना सांगितलं, अंगात ताकद आहे, कामाला लावा.”



“घरी काही म्हणाला होता का रे?”

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“एवढी जाड फळी वाकवतात, तर ती मोडत कशी नाही... असं विचारत होता. सारखा. आठवडाभर.”

“कुणाला?”

“मला. माझ्यापुढे बोलताना तो अडखळत नसे.”

गुरुजींनी सूप बाजूला ठेवलं.

बाई पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

“मनाला लावून घेऊ नका, गुरुजी. तेव्हा शास्त्रशुद्ध काही नव्हतंच. आता निदान चाचणी तरी चांगली आहे.”

“माझीही चांगली होती. आजूबाजूच्या चार शाळांनी उचलली.”

“तसं नव्हतं म्हणायचं मला.”

“रेश्माशी बोललात?”

“बोलले ना. समोर बसवून विचारलं, तुला काय करावंसं वाटतं? माहीत नाही म्हणाली. खाली मान घालून.”

“मग?”

“मग पुढच्या मुलाला बोलावलं. एकशे बारा मुलं आहेत, गुरुजी. एकेकाला किती वेळ...”



गुरुजींनी हात पुढे केला. बाईंनी घाईघाईने यादी दिली, पेनही दिलं. आता गुरुजीच काहीतरी लिहितील आणि आपण सुटू, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. गुरुजींचं बोट नावांवरून खाली सरकत गेलं आणि एका जागी टेकलं. बराच वेळ तिथेच होतं.

मग त्यांनी यादी परत केली. पेन टोपण लावून स्वतःच्या खिशात ठेवलं.

“खोबरेकरांचं घर कुठे?”

“मागच्या आळीत. आत्ता घरीच असेल ती, सभेमुळे आज मुलांना सुट्टी आहे. पण गुरुजी, पेन... आणि साडेदहा वाजलेत. तीन वाजता त्या बापाला मी काय सांगू?”

गुरुजी उठले. भिंतीला हात लावून त्यांनी चपला घातल्या. मला वाटलं, ते आमच्या घरी यायला निघाले. पण ते मागच्या आळीच्या दिशेने बघत होते.

“लवूला मी दुसऱ्यांदा विचारलं नाही,” ते बाईंना म्हणाले.