तीव्र खेद

फार पूर्वी एक टिटवी दूरच्या सरोवरावर शिकून रानात परतली. साळिंदरांनी काट्यांआड कोंडलेल्या सशांची पाण्याची वाट रानसभा मोकळी करत असेल, असं तिला वाटलं होतं. सभा मात्र ठरावात 'खेद' म्हणावं की 'तीव्र खेद', यावर सात दिवस अडली होती.

"हत्तीदादा, ससे तहानेने मरताहेत!" ती सभेच्या प्रमुखाला, हत्तीला म्हणाली.

"म्हणून तर 'तीव्र', बाई. पण साळिंदरांनाही पूर्वी त्यांच्या रानातून जाळून हाकललं होतं. एवढी शिकून आलीस, तूच सांग, कुणाला दुखवू?"

दोन्ही खरं होतं. टिटवी गोंधळली.

तेवढ्यात काट्यांपलीकडून म्हातारा ससा ओरडला, "पोरी, तुमचा तो शब्द ओला आहे का गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळीही तिचा गोंधळ सुटला नव्हता. तरी सभेला न जाता तिने चोच भरून पाणी घेतलं आणि ती सशांकडे उडाली.