सुंद्राक्काचा पुकारा

लई मागची गोष्ट आहे ही. बोरजाईच्या ओढ्याला तेव्हा उन्हाळ्यातही पाणी असायचं, आणि गावात कासारीण आली की चुलीवरची भाकर करपली तरी बायका उठून ओट्यावर जमायच्या. कासारणीचं नाव सुंद्राक्का. खांद्यावर हिरव्या बांगड्यांचे मलार, म्हणजे दोरीत ओवलेल्या लांब माळा, आणि तोंडात प्रत्येकीचं नाव. हात हातात घेऊन ती मनगट चेपायची, बोटं मिटवायची, की बांगडी अलगद चढायची. असं म्हणतात, की डोळे बांधले तरी तिला नुसत्या हातावरून बाई ओळखू यायची.

गावच्या दौलत पाटलाची एक बहीण होती, बना. कोवळ्या वयात नवरा गेला आणि ती भावाच्या घरी परतली. त्या काळी नवरा गेला की बाईच्या हातातला चुडा जायचा, तो कायमचा. बायका बांगड्या भरायला बसल्या की बना दाराआड उभी राहायची. पण सुंद्राक्का निघताना तिच्यापाशी जायची, तिचा मोकळा हात घ्यायची, सवयीनं मनगट चेपायची आणि सोडून द्यायची. बना मात्र तेवढ्यासाठी पुढच्या फेरीची वाट बघायची.

मग मानमोडीचं साल आलं. सकाळी मान धरायची, अंग ठणकायचं, दिवस कलेपर्यंत माणूस बोलेनासं व्हायचं. खालच्या गावांतून रोज कुणी ना कुणी गेल्याची बातमी यायची. बोरजाईत अजून काही नव्हतं, आणि पाटलाच्या घरी त्याच्या लेकीचं, शेवंताचं लग्न निघालं होतं. चुडा भरायला या, म्हणून सुंद्राक्काला सांगावा गेला.

ती आली. पण ओढा उतरून गावात शिरली नाही. पलीकडच्या नांदुरकीच्या झाडाखाली उभी राहिली. बायका धावल्या तसा तिनं हात वर केला.

"थांबा गं, तिथंच थांबा. मी ज्या गावातनं आलेय, तिथं माझ्या हातात आलेले हात तापलेले होते. आता माझा हात कुणाच्या हाताला लागायचा न्हाई."

"आक्का, लगीन तोंडावर आलंय," पाटील म्हणाला. "चार गावचं माणूस येणार हाय."

"म्हणूनच सांगते, पाटील. लगीन पुढं ढकला. दारं लावून घरात बसा. पाणी उकळून प्या, कुणाकडं जाऊ नका, कुणाला घेऊ नका."

पाटील ऐकेना. पोरीचा चुडा अडणं म्हणजे अपशकुन. त्यानं गड्यांना सांगितलं, आक्काला अलीकडं घेऊन या. गडी ओढ्यात उतरले, तोच सुंद्राक्कानं खांद्यावरचे सगळे मलार काढले आणि वाटेवरच्या धोंड्यावर आपटले. बांगडी फुटली असं आपल्यात म्हणतसुद्धा नाहीत, वाढली म्हणतात. आणि इथं कासारणीनंच आपल्या हातानं काचांचा सडा घातला. बायकांनी तोंडाला पदर लावले. गडी अनवाणी होते, ते मागं फिरले.

खांद्यावरच्या मलारात काच ती किती असणार? पण असं म्हणतात, की दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा गावाच्या अख्ख्या शिवेला हिरवी रेघ लखलखत होती. ना कुणी बाहेर गेलं, ना कुणी आत आलं. लग्न राहिलं. दारं लागली.

सुंद्राक्का नांदुरकीखालीच राहिली. बायका ओढ्यातल्या खडकावर भाकरी ठेवून जायच्या, त्या घरी पोचल्या की ती उचलायची. आणि रोज सकाळी ती एकेकीचं नाव घेऊन पुकारायची. जिचं नाव येईल तिनं दारात येऊन बांगड्या वाजवायच्या. एवढ्या लांबून बांगड्या ऐकू येतात का कधी? पण तिला यायच्या, असं म्हणतात.

पहिल्याच दिवशी पुकारा झाला, "बनाऽ!"

बना दारात उभी राहिली. हाताकडं बघत राहिली.

"बनाऽ! ऐकू येईना गं!"

"आत्याच्या हातात काय न्हाई, आक्का," शेवंता ओरडली.

"मग घाला की."

पाटील ओट्यावर येऊन म्हणाला, "आक्का, काय बोलताय, कळतंय का?"

"पाटील, वाजलं न्हाई तर आत बाई जिती हाय का तापानं पडलीया, मला कसं कळायचं?"

पाटील ओट्यावरून उतरून गोठ्याकडं निघून गेला. शेवंतानं आपल्या हातातल्या दोन बांगड्या काढल्या आणि आत्याच्या हातात चढवल्या. बनानं हात हलवला, आधी हळू, मग जोरात. त्यानंतर ज्या बायकांचे हात बनासारखेच मोकळे होते, त्यांच्या दारांतूनही एकेक किणकिण येऊ लागली.

एके दिवशी बनाची बांगडी वाजली, आणि पलीकडून हाक आली, "बनाचा हात जड झालाय. तिला वेगळी निजवा. भांडं वेगळं ठेवा, उकळलेलं पाणी द्या, कढण पाजा, खिडकी उघडी ठेवा." बनाला स्वतःला अजून कणकणही कळली नव्हती. सांजेला ताप चढला. पण तोवर ती माजघराबाहेरच्या खोलीत निजली होती, म्हणून घरात दुसऱ्या कुणाला लागण झाली नाही. बना त्या तापातून उठली.

ती उठली, त्या सकाळी पुकारा आला नाही.

बना दारात येऊन बांगड्या वाजवत राहिली. हळूहळू सगळ्या गावानं वाजवल्या. नांदुरकीखालून नुसता एक हात वर झाला, येऊ नका म्हणून, आणि खाली गेला.

मानमोडी सरली तेव्हा बना सगळ्यांच्या आधी ओढ्याकडं निघाली. वाटेवरच्या काचा तिनं वाकून वाकून पदरात भरल्या. झाडाखाली घोंगडं होतं, नीट घडी घातलेलं. माणूस नव्हतं. कुणी म्हणतं, ओढ्यानं नेली. कुणी म्हणतं, ती बरी होऊन पुढच्या गावाला गेली. बना म्हातारी झाली, तरी तिला विचारलं की ती नुसतं आपलं मनगट चेपायची.

आता नांदुरकी राहिली नाही, ओढाही माघातच आटतो. पण तुळशीचं लग्न झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी बोरजाईत कुणी घराबाहेर पडत नाही. गावातली सगळ्यात थोरली बाई घरोघरच्या बायकांची नावं पुकारते आणि दारादारांतून बांगड्या वाजतात. पुण्या-मुंबईला गेलेल्या लेकी फोन लावून वाजवतात.

आणि बोरजाईत कुणाचा नवरा गेला तर तिच्या बांगड्यांना हात लावत नाहीत. मातीला आलेले परगावचे पाहुणे कुजबुजतात, कुणी तरी विचारतंच. तेव्हा एखादी म्हातारी भिंतीला टेकल्या टेकल्या सांगते, "राहू द्या. उद्या पुकारा झाला, तर तिनं काय वाजवायचं?"