बत्तीस पायऱ्या

ऐन उमेदीत धाकूआबा दिवसाला चाळीस माड चढायचे आणि शेंड्यावर टेकून समुद्र न्याहाळायचे. आता पंच्याहत्तरी उलटलेली. कोकणातल्या एका जुन्या तुरुंगात ते कैदी होते आणि माडीवरच्या बराकीच्या बत्तीस पायऱ्या चढताना त्यांच्या छातीत कळ यायची.

"खालच्या बराकीत जागा द्या, डॉक्टरला दाखवा," असा त्यांनी अर्ज केला.

जेलर इनामदार हसले. "म्हाताऱ्या, रोज वर चढतोस ना? चढणाऱ्याला कसला आजार!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गिनतीला आबा खाली उतरलेच नाहीत. गिनती जुळल्याशिवाय तुरुंगात पानही हलत नसे. एक कैदी कमी म्हणताच धोक्याची घंटा झाली. गलेलठ्ठ इनामदार धावत पायऱ्या चढले आणि छाती धरून आबांच्या वळकटीवर मटकन बसले.

"पाणी! डॉक्टरला बोलवा!"

आबांनी तांब्या पुढे केला. "डॉक्टर कशाला, साहेब? वर चढलात ना? चढणाऱ्याला कसला आजार!"

डॉक्टरांनी साहेबांना तपासलं, तेव्हा साहेबांनीच आबांकडे बोट दाखवलं, "आता यालाही तपासा."

संध्याकाळी आबांची वळकटी खाली आली. तिथल्या खिडकीतून एक माड दिसे. जन्मात पहिल्यांदाच आबा माडाकडे खालून निवांत बघत बसले.