मातीच्या ढोलीतली खूण

त्या रानात खुणेवाचून कुणाचे काही नव्हते. मध कुणी गोळा केला याला महत्त्व नव्हते, पोळ्यावर खूण कुणाची याला होते. रानाच्या मधोमध सावरीचे एक वाळलेले झाड उभे होते आणि त्याच्या खोडात बुंध्यापासून शेंड्यापर्यंत ढोल्या होत्या. कुठे धान्याची ढोली, कुठे औषधाची, कुठे पांघरुणांची, कुठे भांड्यांची. अगदी वर, जिथे सहसा कुणी चढत नसे, तिथे पाळण्यांची. ज्याला आपली खूण राखायची असेल त्याने आपल्या वस्तूची ढोली सांगायची, डिंकाचा एक गोळा ठेवायचा आणि सुतारपक्ष्याने त्या ढोलीच्या भिंतीत खूण कोरायची. कोरलेली खूण त्या ढोलीपुरती त्याची. शेजारच्या ढोलीत तीच खूण दुसऱ्या कुणी कोरून घेतली, तर त्याला कुणी अडवत नसे.

सुतारपक्षी न्यायी म्हणून ओळखला जाई. झाडावर असेपर्यंत तो कोणत्याही किड्याला टोचत नसे. खाली उतरल्यावर तो काय करतो, हे कुणी विचारत नसे.

ओढ्याकाठच्या एका कपारीत कुंभारीण राहत असे. बारीक कमरेची, पिवळ्या पायांची, चिखलाची गोळी तोंडात धरून उडणारी ती माशी. तिची मडकी बोराएवढी असत, पण गळा इतका बेताचा की आत ठेवलेल्या दाण्याला ओल लागत नसे. काळ्या मुंग्या लांबून तिच्याकडे येत. मडके घडवून झाले की त्याच्या ओल्या गळ्यावर ती मागचा पाय टेकवी. तो पाय तिच्या आईच्या पायासारखाच जरा वाकडा होता, त्यामुळे तीन ठिपके आणि एक तिरकी रेघ उमटे. हीच तिची खूण. दुसऱ्याला द्यायच्या मडक्यावर ती खूण म्हणजे भरवसा. पण काही मडकी ती स्वतःसाठी राखी. त्यांत एक अंडे घाली, शिदोरीला एक अळी ठेवी आणि तोंड लिंपून टाकी. त्या मडक्यांवर खुणेचा अर्थ एवढाच असे की आत जीव आहे, फोडू नका. कारण बिनखुणेचे मडके दिसले की ते पाहील त्याने फोडून आत काय आहे ते घ्यावे, असा रानाचा रिवाज होता.

कुंभारणींमध्ये एक जुनी रीत होती. वस्तू ओली असताना तिचे नाव तोंडातून काढायचे नाही. नाव घेतले की तडा जातो. कुणी विचारलेच, काय चालले आहे, तर म्हणायचे, माती आहे हातात. तिची आई तसेच म्हणत असे आणि तिच्या मडक्यांना कधी तडा गेला नव्हता.

कपारीच्या खालच्या अंगाला शेणकिडा राहत असे. तो बडबड्या होता, पण मनाने बरा. एक दिवस तो आपला गोळा अर्ध्या वाटेत सोडून वर आला.

"कुंभारीणबाई, खूण कोरून घ्या. तो सरडा हल्ली तुमच्या दारासमोर फार ऊन खातोय."

"खाऊ दे की. त्याला मातीतलं काय कळतं?"

"कळायला कशाला पाहिजे? डोळे आहेत ना त्याला. ते पण एक इकडे, एक तिकडे."

कुंभारीण हसली, पण तिने सरड्याच्या दगडाकडे पाहिले. दगड रिकामा वाटला. मग दगडाच्याच रंगाचे काहीतरी हलले.

"आता नीट ऐका," शेणकिडा म्हणाला. "मी जन्मभर शेण वळलं. सगळं रान मला हसतं. पण झाडापुढे उभा राहिलो तेव्हा शेण म्हणालो नाही. खत म्हणालो. आपण कशाचं करतो ते नाही सांगायचं. दारात येणारा काय न्यायला येतो, ते सांगायचं. तुम्ही भांड्यांची ढोली घ्या. जमलं तर साठवणीची पण. आणि ती लिंपलेली ठेवता ना तुम्ही, त्यांच्यासाठी वरची पाळण्यांची."

"माझ्याकडे डिंकाचा एकच गोळा आहे. तोसुद्धा अजून पुरता झालेला नाही."

"मग भांड्यांची. मडकी म्हणा. विसरू नका हां."

तिच्या पायांत तेव्हा मडक्याचा ओला गळा होता आणि त्याचे नाव तर घेतले गेले होते. तिने घाईघाईने तोंड बाजूला वळवले आणि ती तीनदा थुंकली. शेणकिड्याला वाटले, तिला त्याच्या अंगाचा वास आला. तो खाली मान घालून परत गेला.

बाभळीच्या सालीतून डिंक टिपायला तिला सबंध उन्हाळा लागला. गोळा पुरता झाला तेव्हा ती झाडाकडे निघाली. तिथला नियम असा होता की खूण सुतारपक्ष्यासमोर ताजी उमटवून दाखवायची. म्हणून तिने वाटेत ओढ्यावर एक मडके घडवले आणि ते ओलेच पोटाशी धरून नेले. रांग मोठी होती. तिच्या मागे नाकतोडा गवताची जुडी घेऊन उभा होता आणि सारखे पाय घासत होता.

सुतारपक्ष्याने वरूनच विचारले, "काय आणलंस?"

तिने ओल्या गळ्यावर पाय टेकवला. तीन ठिपके, एक तिरकी रेघ.

"खूण दिसली. कशावर कोरू?"

कुंभारणीने तोंड उघडले. गळ्यावर पाणी अजून चमकत होते. शब्द तिला ठाऊक होता, शेणकिड्याने घोकून घेतल्यासारखा जिभेवर होता. पण पोटाशी धरलेले ते ओले, गोल वजन तिला जाणवत होते, आणि आईचा आवाजही.

"माती," ती म्हणाली.

"मातीचं काय?"

"अहो बाई, बोला की लवकर," नाकतोडा मागून म्हणाला. "आमचं गवत वाळून झालं, आता आम्ही वाळायचो." रांगेत हशा पिकला.

तिचे पंख लाजेने अंगाला चिकटले. "मातीच," ती म्हणाली. "आम्ही मातीचीच आहोत."

"ठीक," सुतारपक्षी म्हणाला. त्याने खूण सालीवर काढून दाखवली, पुकारा केला, हरकत कुणी घेतली नाही. मग तो उडून बुंध्याशी, मुळांच्या बेचक्यातल्या ढोलीत गेला आणि त्याने कोरायला सुरुवात केली. ती ढोली रुंद होती, थंड होती आणि जवळजवळ रिकामी होती. भिंतीवर गांडुळाची एक खूण होती आणि खेकड्याची एक, बस्स. आपली खूण इतकी खोल कोरलेली पाहून कुंभारणीला फार बरे वाटले.

घरी येईपर्यंत मडके वाळले होते. तिने शेणकिड्याला सगळे सांगितले.

"मातीच्या ढोलीत चिखल असतो, बाई," तो म्हणाला.

"मडकं मातीचंच असतं ना?"

"असतं. पण मातीच्या ढोलीला ते ठाऊक नसतं. दुसरा गोळा जमवा. लवकर जमवा."

ती दुसऱ्याच दिवशी बाभळीवर गेली. पण तोवर अंडी घालण्याचे दिवस आले. एकाच तोंडाने चिखल आणावा की डिंक, असा प्रश्न होता आणि पोटातली अंडी थांबणार नव्हती. तिने चिखल आणला.

सरडा तेव्हा दगडावर नव्हता. कपारीखाली पडलेली, गळ्यावर खूण असलेली एक खापरी त्याने उचलली होती आणि तो झाडाकडे गेला होता. तिच्याकडे पाहून त्याने ओल्या चिखलात काडीने तशीच खूण सुतारपक्ष्यासमोर ताजी उमटवून दाखवली. त्याच्याजवळ डिंकाचे पुष्कळ गोळे होते. ते त्याने कुठून आणले, हे सुतारपक्ष्याने विचारले नाही. तसा नियम नव्हता. सरड्याने मात्र प्रत्येक प्रश्नाचे उत्तर अदबीने दिले. भांडी. साठवण. आणि जाता जाता, पाळणेही.

नवी खूण कोरण्याआधी ती सालीवर काढून सगळ्यांना दाखवायची आणि खोडावर चोच आपटून पुकारा करायचा, अशी पद्धत होती. ठक ठक ठक. "भांड्यांच्या ढोलीत नवी खूण! हरकत आहे कुणाची?" ओढ्यावर चिखल मळत असलेल्या कुंभारणीने तो आवाज ऐकला. भांड्यांची ढोली. ती दुसऱ्यांची भानगड असेल, असे तिला वाटले. आपली खूण तर केव्हाच कोरून झाली. त्यानंतर पुकारा पुन्हा झाला, आणि मग वरच्या ढोलीसाठी आणखी एकदा. तिने मान वर केली नाही. शेवटच्या मडक्याचा गळा नेमका वळत होता. मग चोचीचा आवाज थांबला.

सरड्याने वाळवीला कामाला लावले. वाळवीची मडकी पातळ आणि पोकळ होत, पण भराभर होत, आणि प्रत्येकाच्या गळ्यावर काडीने तीन ठिपके आणि एक तिरकी रेघ ओढलेली असे. पावसाळी हवा सुटली तेव्हा त्या मडक्यांतल्या दाण्यांना बुरशी आली.

काळ्या मुंग्यांची थोरली कुंभारणीच्या दाराशी आली. ती रागावलेली नव्हती, थकलेली होती.

"आमची पोरं आजारी पडली, कुंभारीणबाई. तुमच्या मडक्यातलं खाऊन."

"ती माझी मडकी नव्हती हो."

"खूण तुमचीच होती."

"थोरल्या बाई, इतकी वर्षं माझ्याकडून नेता. मला ओळखता ना तुम्ही?"

थोरलीने तिच्याकडे नीट पाहिले, जणू पहिल्यांदाच. "आम्ही खूण ओळखायचो," ती म्हणाली. "पाय कुणाचा, हे पाहायची वेळच कधी आली नाही."

कुंभारीण उडत झाडाकडे गेली. सुतारपक्ष्याने तिचे सगळे ऐकून घेतले. मग तो एकेका ढोलीत डोकावून आला.

"तुझी खूण मातीच्या ढोलीत आहे. कुणी हात लावलेला नाही. भांडी, साठवण, पाळणे या ढोल्यांत ती सरड्याची आहे."

"पण ती माझ्या पायाची खूण आहे. माझा पाय पाहा ना."

त्याने खाली वाकून पाय पाहिला. "हुबेहूब आहे," तो म्हणाला. "म्हणूनच सांगतो, सांभाळून टेकव. पुकारा केला तेव्हा कुठे होतीस?"

परतताना तिला वाटेत मुंगळे दिसले. एकदा धरले की मान तुटली तरी न सोडणारे ते रानाचे शिपाई ओढ्याच्या दिशेने निघाले होते. सरड्याची खूण असलेली मडकी आणि पाळणे जिथे सापडतील तिथून उचलून सरड्याकडे पोहोचवायची, असा त्यांना हुकूम होता.

ती त्यांच्या आधी कपारीत पोहोचली. लिंपलेली मडकी ओळीने उन्हात बसली होती. आत तिच्या पोटच्या अळ्या असाव्यात, झोपलेल्या. खूण राहिली तर मडकी सरड्याची. खूण गेली तर ज्याच्या दृष्टीस पडतील त्याची. पण बिनखुणेची मडकी कुठेतरी लपवता तरी येतील, असे तिला वाटले. तिने ओढ्यातून तोंडभर पाणी आणून पहिला गळा भिजवला आणि पुढच्या पायांनी घासायला लागली. ठिपके विरघळले, रेघ पुसली. मग तोल सावरायला तिने मागचा पाय टेकवला.

तीन ठिपके. एक तिरकी रेघ.

तिने पुन्हा पुसले. पुन्हा जोर द्यायला कुठेतरी पाय रोवावा लागला. गळ्यावर नाही तर पोटावर, पोटावर नाही तर बुडाशी, जिथे ओले होते तिथे खूण उमटत गेली. हवेत तरंगत, पंख दुखेपर्यंत, तिने कसेबसे एक मडके कोरे केले आणि ते पाल्याखाली ढकलले. मागे वळून पाहते तो थोरलीच्या मुंग्यांनी ते फोडले होते. त्यांच्या घरात आजारी पोरे होती आणि मडक्याला धनी नव्हता.

बाकीची मुंगळ्यांनी नेली. शेणकिडा वाटेत आपला गोळा आडवा घालून उभा राहिला होता. त्यांनी गोळ्याला हात लावला नाही, कारण खताच्या ढोलीत तो त्याचा होता. ते फक्त वळसा घालून गेले.

ऊन बदलले तेव्हा सरड्याच्या कोठारात मडकी आतून फुटली आणि पिवळ्या पायांच्या पोरी बाहेर आल्या. कुणी न शिकवता त्या चिखलाकडे गेल्या, मडकी वळू लागल्या आणि ओल्या गळ्यावर त्यांनी वाकडा पाय टेकवला. सरडा खूश झाला. आता काडीने रेघा ओढायची गरज उरली नव्हती. ओढ्यावर त्या चिखल न्यायला येत तेव्हा कुंभारीण त्यांना हाक मारी. "माती आहे हातात," त्या म्हणत आणि निघून जात.

मडक्यावर तिचा पाय टेकला की ती सरड्याची खूण ठरे, म्हणून मडकी घडवायची तिला आता बंदी होती. ती ओढ्याच्या काठी, पाण्यालगतच्या सपाट चिखलात चालत राही. एके दिवशी दोन मुंगळे तिथे थबकले. काठभर, दूरवर, तीच खूण उमटलेली होती. एकजण तिच्यावर नजर ठेवून उभा राहिला, दुसरा झाडाकडे चौकशीला गेला. तो परत आला तेव्हा त्याने मिशा अदबीने खाली टेकवल्या.

"माफ करा, बाई. बुंध्याच्या ढोलीत पाहून आलो. इथे, चिखलात, ही खूण तुमचीच आहे. तुमच्या खुणेवर इथे कुणी पाय देणार नाही."

तेवढ्यात खेकडा तिरपा तिरपा त्या ठशांवरून जायला निघाला. मुंगळ्यांनी त्याला दटावून बाजूने पिटाळले आणि दोघे काठावर दोन्ही अंगांना राखणीला उभे राहिले. कुंभारीण पुढे चालत राहिली; तीन ठिपके, एक तिरकी रेघ, तीन ठिपके, एक तिरकी रेघ. वर कुठेतरी पाऊस झाला असावा. ओढ्याचे पाणी गढूळ होऊन हळूहळू काठावर चढत होते, आणि तिच्या मागची पहिली पावले आता दिसत नव्हती.