कच्च्या लिंबाचं राज्य

डोंगराच्या मांडीवर डोकं ठेवून निजलेलं एक इवलंसं गाव होतं. त्याचं नाव पोपटवाडी. पोपटी शेतं, लाललाल कौलं, निळीशार नदी, आणि शाळेच्या अंगणात एक चिंच. ती इतकी मोठी होती की तिच्या सावलीत अख्खी शाळा जेवायला बसायची आणि तरी थोडी सावली उरायची. उरलेल्या सावलीत गावची कुत्री झोपत.

या गावात सगुणा राहायची. सगळे तिला सगू म्हणत. घरात ती आणि तिची आई, दोघीच. आई पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावायची आणि बाजारात विकायची. गावोगावच्या पंगतींना पानं पुरवणाऱ्या त्या घरात स्वतःच्या पानावर मात्र बहुतेक दिवस भाकरी आणि मीठच असायचं. तेही दोघी हसत खायच्या.

पण एका वर्षी सगूला मोठा ताप आला. ताप गेला, आणि जाताना तिच्या पायांतलं बळ घेऊन गेला. चार पावलं चालली की तिला धाप लागायची. मग काय, जो तो तिला बसवू लागला. "बस गं बाळ, दमशील," आई म्हणायची. "बस, पडशील," गुरुजी म्हणायचे. बसून बसून सगूला बसण्याचाच कंटाळा आला.

संध्याकाळी चिंचेखाली लपंडाव रंगायचा. खेळाचा म्होरक्या रंगा. तो मनानं वाईट नव्हता, नुसता घाईचा होता. "सगू, तू ये खेळायला," तो म्हणायचा, "पण तू कच्चं लिंबू हं." कच्चं लिंबू म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. खेळात असायचं, पण मोजण्यात नसायचं. कच्चं लिंबू बाद होत नाही, आणि कच्च्या लिंबावर कधी राज्यही येत नाही.

एकदा सगू कडब्याच्या गंजीमागे लपली. काय झकास जागा होती ती. हसू बाहेर फुटू नये म्हणून तिनं तोंडावर हात दाबून धरला. आता येतील, मग येतील, म्हणून ती वाट बघत राहिली. हळूहळू हसू आपोआप थांबलं. सूर्य डोंगरामागे गेला, घराघरांत दिवे लागले, तेव्हा तिनं डोकं बाहेर काढलं. अंगणात कुणीच नव्हतं. सगळे केव्हाच घरी गेले होते.

"अगं, कच्च्या लिंबाला शोधायचं नसतं," दुसऱ्या दिवशी रंगा म्हणाला. "नियमच आहे तो." त्या रात्री सगूला भाकरी गेली नाही.

रविवारी ती आईसाठी पानं गोळा करायला रानात गेली. दोन पावलं चालायची, एक दगड बघून टेकायची. असं करत करत ती रानाच्या आत पोचली, तर तिथं एक लिंबाचं झाड मान टाकून उभं होतं. पानं कोमेजलेली, फांद्या वाकलेल्या, आणि शेंड्यावर एकच पांढरं फूल. सगूच्या लोटीत घोटभर पाणी होतं. तिच्या घशाला कोरड पडली होती, तरी तिनं ते सगळं झाडाला घालून टाकलं.

"पाणी पाजतेस की आंघोळ घालतेस?" कुणीतरी बारीक आवाजात विचारलं. "निम्मं माझ्या डोक्यावर ओतलंस."

सगूनं वाकून पाहिलं. पानाआडून बोटाएवढी एक परी बाहेर आली. अंगात पोपटी झगा, डोक्यावर लिंबाच्या फुलाची शुभ्र टोपी, आणि पंख इतके पातळ की ऊन त्यांच्यातून गाळून खाली पडत होतं. तिच्या पंखांवर पाण्याचे टपोरे थेंब लुकलुकत होते आणि नाक रागानं गुलाबी झालं होतं.

"चुकलं, परीताई," सगू म्हणाली. "मला दिसलाच नाहीत तुम्ही."

"मी कुणालाच दिसत नाही. लोक लिंबं तोडतात आणि चालू लागतात." परीनं टोपी पिळली. "पाणी गोड होतं मात्र. नाव काय तुझं?"

"सगुणा. पण मला सगळे कच्चं लिंबू म्हणतात."

हे ऐकून परी आणखी चिडली. "कच्चं लिंबू ही काय नावं ठेवण्याची गोष्ट झाली? पिकूनच जन्माला आलेलं एक तरी लिंबू मला दाखवा म्हणावं." मग तिनं सगूचे काडीसारखे पाय पाहिले आणि तिचा आवाज मऊ झाला. "माग बाळ. काय हवं ते माग."

सगूला विचार करावा लागला नाही. "मला राज्य हवं," ती म्हणाली.

परीनं झग्यातून चिमुकली पिशवी काढली आणि तिच्यात कोपरापर्यंत हात घातला. "राज्य, राज्य... कुठं ठेवलंय बघू. हत्तींसकट हवं की हत्तींवाचून? समुद्रकाठचं एक आहे, पण तिथं मासळीचा फार वास येतो."

"तसलं नाही, परीताई."

"मग कसलं?"

"चिंचेच्या खोडाला टेकून डोळे मिटायचे, आकडे मोजायचे, आणि मग सगळ्यांना शोधायला निघायचं, तसलं."

परीनं पिशवीतून हात बाहेर काढला. असलं राज्य तिच्या पिशवीत नव्हतं. "आणि ते आलं तुझ्यावर, तर काय करशील?"

"सगळ्यांना शोधीन," सगू म्हणाली. "एकालाही विसरणार नाही. शेवटचा गडी सापडेपर्यंत घरीच जाणार नाही."

परीनं पिशवी मिटून ठेवली. "मी पुष्कळ राजे पाहिले," ती म्हणाली, "पण असं कुणी बोललं नव्हतं." मग तिनं झाडाचं पान हलकेच फुंकलं, आणि त्यामागून बोराएवढं एक हिरवंगार लिंबू सगूच्या ओंजळीत टपकलं.

"हे जवळ ठेव. पिवळंधमक झालं की हातात धरून मागणं माग, खरं होईल. पण नियम ऐक. असेल हरी तर देईल खाटल्यावरी, असं म्हणणाऱ्यांना मी काही देत नाही. तुझी छाती धडधडली की हे लिंबू पिकेल. भरभर पळ नाहीतर हळूहळू चाल, त्याला घाई नाही. त्याला फक्त धडधड ऐकू येते. मागणं एकदाच मागायचं, उभं राहून मागायचं, आणि मागितलेलं परत फिरवायचं नाही."

सगू घरी आली. तुमच्यासारखीच तीही जरा लबाड होती बरं का. आई आंब्यांची अढी घालते तसं तिनं लिंबू गवतात दडपून ठेवलं. सकाळी पाहिलं तर ते आणखीच हिरवं झालेलं. मग मात्र तिनं ते परकराच्या खिशात टाकलं आणि दाराबाहेर पडली.

पहिल्या दिवशी ती विहिरीपर्यंत चालली. छाती धडधडधडधड करायला लागली, तशी ती काठावर बसली. घरी येऊन बघते तो लिंबावर मोहरीएवढा पिवळा ठिपका. सगूला इतका आनंद झाला की तिनं तिथल्या तिथं एक उडी मारली. ती उडी काही फार उंच नव्हती, पण ताप गेल्यापासूनची पहिली होती.

मग विहिरीनंतर देऊळ, देवळानंतर नदी. कधी दोरीवरच्या उड्या, कधी अंगणातून लंगडी, कधी शेरडांच्या मागे धाव. पडली, गुडघे फुटले, हळद लावली, पुन्हा निघाली. "सगे, बस की गं आता," आई म्हणायची. "बसून पिकत नाही, आई," सगू म्हणायची, आणि पोरीच्या डोक्यात ताप गेला की काय, म्हणून आई काळजीत पडायची. पण एका सकाळी आईनं तिला डोंगराच्या वाटेनं पळत खाली येताना पाहिलं. गाल लाललाल, केस वाऱ्यावर, पायांना जशी भिंगरी लागलेली. आईनं पदरानं तिचं तोंड पुसलं, मग स्वतःचे डोळे पुसले. त्यानंतर ती कधी बस म्हणाली नाही.

शेतांचा रंग पोपटीचा सोनेरी झाला, आणि एका संध्याकाळी खिशातलं लिंबूही पिवळंधमक झालं. ते इतकं चमकत होतं की परकरातून उजेड बाहेर येत होता. सगू नाचत नाचत घराकडे निघाली. काय मागायचं ते तिला पाठ होतं. उद्या माझ्यावर राज्य येऊ दे.

वाटेत कडब्याची गंजी लागली. गंजीमागून मुसमुसल्याचा आवाज आला. सगूनं डोकावून पाहिलं तर भिमी. शाळेतली सगळ्यांत धाकटी, अजून 'र'ला 'ल' म्हणणारी.

"मला कुणी शोधलंच नाही," भिमी म्हणाली. "मी किती छान लपले होते. सगळे घली गेले."

सगूला त्या जागेचा गारठा आठवला, तोंडावर दाबलेला हात आठवला. आणि तिला धोंडूही आठवला, जो काठी टेकत चालायचा आणि रोज पायरीवर बसून दुसऱ्यांचा खेळ बघायचा. मग नामू, ज्याला गुबगुबीत म्हणून कुणी आपल्या डावात घेत नसे.

तिनं लिंबू बाहेर काढलं. एकदा मागितलं की परत फिरवायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. राज्य हातातून जाणार, हेही ठाऊक होतं. तिला रडू आलं. तिनं ते गिळलं आणि ती ताठ उभी राहिली.

"गावातल्या बाकीच्या प्रत्येक कच्च्या लिंबाला असं एक लिंबू मिळू दे," ती म्हणाली.

तिच्या हातातलं लिंबू फुलासारखं उमललं, पिवळे कण गावभर उडाले आणि विझले. ओंजळ रिकामी झाली. सगूनं भिमीचा हात धरला आणि तिला घरी पोचवलं.

सकाळी गावात एकच गंमत. भिमीच्या उशाशी हिरवं लिंबू, धोंडूच्या काठीजवळ हिरवं लिंबू, नामूच्या दप्तरात हिरवं लिंबू. सगूनं त्यांना नियम सांगितले. मग काय विचारता. भिमी उड्या मारते आहे, नामू नदीवर पळतो आहे, धोंडू काठी टेकत टेकत देवळाच्या पायऱ्या चढतो आहे. धोंडूचं लिंबू तर सगळ्यांच्या आधी पिकलं. पुढं त्यांनी काय मागितलं, ते त्यांनाच ठाऊक. भिमीनं गुळाची ढेप मागितली म्हणतात. मी काही पाहिलं नाही, पण तिच्यामागे मुंग्या फिरायच्या हे खरं.

आणि एका संध्याकाळी सगळी कच्ची लिंबं चिंचेखाली येऊन उभी राहिली.

"आम्हाला मोज," सगू रंगाला म्हणाली.

"सगळ्यांना?" रंगानं डोकं खाजवलं. "मग कच्चं लिंबू कोण?"

"कुणीच नाही. शोधलं की सापडायचं, आणि आलं तर राज्य घ्यायचं."

रंगानं धोंडूकडे पाहिलं, भिमीकडे पाहिलं. मग त्यानं हात पुढं केला. "बरं. चला चकायला."

पालथे हात, उताणे हात. एकेक जण सुटत गेला. भिमी सुटली, नामू सुटला, धोंडू सुटला. रंगा सुटला. आणि सगळ्यांच्या शेवटी...

"सगूवर राज्य," सगळे ओरडले आणि पळाले.

सगू खोडाला टेकली. तिनं डोळे मिटले, आणि मिटल्या पापण्यांतून पिवळा उजेड आत आला. लिंबाच्या फुलाचा वास दरवळला.

"मिळालं का गं राज्य?" बारीक आवाज कानाशी म्हणाला.

"मिळालं, परीताई."

"हत्ती नाहीत हं त्यात."

"नसू देत."

"मग मीपण लपते," परी म्हणाली. "मला आजवर कुणी शोधलेलं नाही."

सगूनं मोठ्यानं आकडे मोजले आणि डोळे उघडले. कसं शोधून काढलं तिनं सगळ्यांना. नामू पिंपामागे, धोंडू देवळाच्या खांबाआड, भिमी चिंचेवर, स्वतःशीच खुदुखुदु हसणारी. सगळ्यांत शेवटी, ऊन कलताना, कडब्याच्या गंजीमागे रंगा.

"मला वाटलं, तुम्ही घरी गेलात," रंगा म्हणाला. त्याचा आवाज जरा ओला होता.

"माझ्यावर राज्य आहे," सगू म्हणाली. "तुला सोडून कशी जाईन?"

रंगानं मान खाली घातली. "सगू, त्या दिवशी तू इथंच होतीस ना?" सगूनं मान डोलावली आणि त्याच्या केसांतला कडबा काढला.

"चला, सगळे सापडले," नामू म्हणाला. "भूक लागली."

"थांबा," सगू म्हणाली. "एक जण राहिलंय."

ती गंजीला वळसा घालून गेली. तिथं मातीतून लिंबाचं एक चिमुकलं रोप नुकतंच वर आलं होतं. दोन पानं, आणि पानांखाली एक पोपटी टोक, झग्याचं. सगूनं हळूच बोट टेकवलं.

"सापडलीस, परीताई."

पानांखालून जे हसू फुटलं, ते साऱ्या मुलांनी ऐकलं. मग सोनपिवळा उजेड उसळला, चिंचेच्या शेंड्यापर्यंत गेला, प्रत्येकाच्या गालावर एकेक कण ठेवून आभाळात विरला. परी गेली. रोप राहिलं. दुसऱ्या दिवशीपासून त्याला पाणी घालायला पोरांची शर्यत लागू लागली.

अशी ही कहाणी आंबट उगवली, गोड पिकली. तुम्ही अजून बसून आहात? कान देऊन ऐका बघू. बाहेर कुणीतरी डोळे मिटून आकडे मोजतंय. पळा, लपा. ती शोधल्याशिवाय राहणार नाही.