लोखीला मांडी कोण देणार?

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी की तेव्हा माणूस नव्हता, मासा नव्हता, गवताची काडीसुद्धा नव्हती.

मग होतं कोण? लोखी होती.

लोखी म्हणजे लोखंडाची कणी. मोहरीपेक्षा लहान. डोळ्यांना दिसायचीच नाही. दिसत नाही म्हणून नव्हती, असं कुणी म्हणू नये. लोखी होती, आणि काळ्या खडकाच्या मांडीवर ऐटीत बसायची.

एक दिवस भुईला जांभई आली. आ... आ... आ...

भुई मधोमध फाटली. लांबच लांब खळगा पडला. खळग्यात पाणी भरलं. खालून कढत झरा उसळला. भस्स!

मीठ विरघळतं ना, तशी लोखी विरघळली. मांडी गेली. लोखी निघाली पाण्यातून, डुबुक डुबुक, डुबुक डुबुक. दमली बिचारी. तिला आता बसायला मांडी हवी.

तळाशी होती मऊ मऊ गाळकाकू. लोखीनं तिच्याकडे मांडी मागितली.

काकू म्हणाली, "विरघळलेली पोर मांडीवर टिकत नाही. लाल कुंची घालून ये, मग बस."

लोखी निघाली. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक. भेटला बुडबुडा.

"काकू मांडी देईना.
बुडबुड्या, कुंची शीव ना."

बुडबुडा म्हणाला, "मी एकटा. एकट्यानं कुंची होते होय? हिरवीला सांग फुंकर घालायला. माझी भावंडं येऊ देत, मग शिवीन."

लोखी निघाली. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक. भेटली हिरवी. शेवाळासारखी बुळबुळीत, पण नखरा केवढा!

"बुडबुडा कुंची शिवेना,
काकू मांडी देईना.
हिरवे, फुंकर घाल ना."

हिरवी म्हणाली, "उपाशी पोटी फुंकू? मी काय लोहाराचा भाता आहे? उन्हाचा घास आण, मग फुंकीन."

लोखी वर गेली. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक. वर होते सूर्यआबा.

"हिरवी फुंकर घालेना,
बुडबुडा कुंची शिवेना,
काकू मांडी देईना.
आबा, ऊन धाडा ना."

आबा म्हणाले, "धाडतोच आहे गं बाळ. पाणी केवढं गढूळ. ऊन वरच अडतं. पाणोबाला निवळू दे."

लोखी वळली. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक.

"ऊन आत येईना,
हिरवी फुंकर घालेना,
बुडबुडा कुंची शिवेना,
काकू मांडी देईना.
पाणोबा, निवळ ना."

पाणोबा म्हणाला, "निवळू कसा? भुई मला ताकासारखं घुसळते आहे. तिला थांबव."

लोखी खाली गेली. खोल खोल. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक.

"पाणोबा निवळेना,
ऊन आत येईना,
हिरवी फुंकर घालेना,
बुडबुडा कुंची शिवेना,
काकू मांडी देईना.
भुईआई, थांब ना."

भुई काही बोलेना. तोंड उघडंच. आ... आ... आ...

तोंड मीट, असं लोखी म्हणाली. भुईनं मान हलवली. नाही, नाही. बरोबरच आहे. मिटलं असतं तर पाणोबा, हिरवी, काकू, सगळ्यांचा चेंदामेंदा!

मग जांभई संपत का नाही? लोखीनं इकडे बघितलं. तिकडे बघितलं. विचार केला.

"अगंबाई," लोखी म्हणाली, "जांभई दिलीस, पण चुटकी कुणी वाजवलीच नाही."

बाळाला जांभई आली की आई तोंडापुढे चुटकी वाजवते. तेव्हा कुठे जांभई संपते. भुईला कोण वाजवणार? तिच्याएवढी बोटं आणायची कुठून?

लोखीला तर बोटंच नाहीत. तिनं गारगोटीचा एक खडा ढकलला. तो दुसऱ्यावर आपटला.

टिच.

भुईला ऐकू गेलं नाही.

लोखीनं पुन्हा ढकलला, सगळा जोर लावून.

टिच!

हा... भुईची जांभई संपली. खळगा तसाच राहिला, पण भुई हलायची थांबली.

भुई थांबली, पाणोबा निवळला.
पाणोबा निवळला, ऊन आत आलं.
ऊन आत आलं, हिरवीनं फुंकर घातली. फू... फू... फू...
हिरवीनं फुंकर घातली, बुडबुडेच बुडबुडे! त्यांनी कुंची शिवली. लाल लाल. ओल्या खिळ्यावर गंज चढतो ना, अगदी तश्शी.
बुडबुड्यांनी कुंची शिवली, काकूनं मांडी दिली.

लोखी हळूहळू खाली आली आणि बसली. टेकली एकदाची.

इतक्यात वरून दुसरी कणी आली. तिचीही कुंची लाल. म्हणाली, "सरक ना गं जरा."

लोखी म्हणाली, "सरकायची नाही मी. माझ्या मांडीवर बस."

ती बसली. तिच्या मांडीवर तिसरी. तिसरीच्या मांडीवर चौथी. मांडीवर मांडी, थरावर थर. पाणी आटून गेलं, भुई वर आली, आणि त्या थरांचा झाला लाल लाल डोंगर.

सगळ्यांत खाली लोखी. बसली ती बसली. अजून उठली नाही.