रांधणाऱ्याचा पहिला घास

सहाणेवरचा, म्हणजे देवाची पालखी टेकवायच्या या चौथऱ्यावरचा, हा दगड बघा. त्यावर रानडुकराचे सुळे कोरलेत. चपला तिकडेच राहू द्या. शिकार बंद होऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा त्याविषयी मला खोदून विचारू नका. मी सांगतोय ते फार जुनं आहे.

असं सांगतात, की एका दुष्काळाच्या साली खोऱ्यात पटकी आली. पलीकडचं गाव ओस पडलं. तिथली पाळलेली डुकरं रानात शिरून रानटी झाली. जाण्याआधी ती तिथल्या प्रेतांवर जगली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमचं गाव रोगातून वाचलं, पण खायला कंदमुळंही उरली नव्हती. अशात राघू पाष्टे नावाचा शिकारी एकटाच रानात गेला आणि तिसऱ्या दिवशी मांसाची कावड घेऊन याच सहाणेवर आला. कातडं सोलून, तुकडे करून. कुड्याच्या पानांवर घरटी वाटे मांडले, पण हे त्या प्रेतं खाल्लेल्या डुकरांचं तर नसेल, या भीतीने कुणी हात लावेना.

"मुंडकं कुठाय?" गावकराने, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्याने, विचारलं. हा गावकर आमच्याच घराण्यातला, लपवत नाही.

"मुंडकं आनि खूर रानदेवाला ठेवलं. रीतच हाय ती."

रीत होतीच. पण रानदेव त्या ओस गावाच्या शिवेवर, तिथे जाऊन बघणार कोण?

"मग तू खाऊन दाखव."

"आधी गाव, मग मी."

शिकाऱ्याने गावाआधी खायचं नाही, हीही रीतच. पण सगळ्यांना वाटलं, इथेच पाणी मुरतंय. मला अजून राग येतो त्या लोकांचा. राघू मुंडकं आणायला उलट्या पावली गेला, आणि इकडे यांनी मांस पुरून टाकलं.

दोन दिवस तो आला नाही. मग चौघे शोधायला निघाले. तो चढणीवर मरून पालथा पडला होता, उराशी मुंडकं धरून. सुळे वीतभर, गावडुकराला कधी न येणारे. राघूचं पोट पाठीला लागलेलं. पाच दिवसांत त्याने काही खाल्लं नव्हतं. गावकराने मांस उकरायला लावलं, म्हणे. ते कुजलं होतं.

तेव्हापासून गावजेवणात रांधणाऱ्याने आधी खायचं, मग पानं वाढायची. उपाशी माणसाच्या हातून गावाने पुन्हा वाढून घेऊ नये, म्हणून. आजही ते पाळतो, मग पातेल्यात कोंबडा का असेना. सगळे गप्प बसतात. पाहुण्यांना वाटतं, केवढा मान देतात. मान कसला? तो घास गिळेपर्यंत आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत असतो, त्याला काही होतंय का.